बिऱ्हाड नंबर नऊची रिकामी खोली

३ फेब्रुवारी

वन्सं,

पत्र माझंच आहे. अक्षर बघून फाडणार असाल तर निदान चार ओळी वाचून मग फाडा. इतकी मान वाकवून लिहिलंय, वाया जायला नको.

मी आहे तशी आहे. गुडघे गेले, एक कान गेला, जीभ तेवढी शाबूत आहे असं सून म्हणते. मुलगा आणि सून सकाळीच कामाला जातात. मागे राहतो आम्ही दोघी, मी आणि नात. तिची परीक्षा आहे, म्हणजे पुस्तक मांडीवर आणि डोळे फोनमध्ये. परवा एकटीच फिदीफिदी हसत होती. म्हटलं, काय गं? तर म्हणते, "आजी, तुझ्या काळची मालिका आहे. कार्टून आहे, पण मोठ्यांचं."

चष्मा लावून बघते तर आपला बुटका! तक्रार खात्यातला कारकून, दिवसभर लोकांच्या तक्रारी लिहून घेणार आणि घरी येऊन स्वतःच्या सांगणार. शेजारी त्याची बायको, इतकी उंच की चेहरा कायम चौकटीच्या वर, खाली नुसतं बोट रोखलेलं. आणि कपाटात राहणारा तो पोटभाडेकरू, दार किलकिलं करून "चहा झाला का?" विचारणारा. 'बिऱ्हाड नंबर नऊ', दुसरं काय!

नात म्हणाली, "तुला माहीत आहे ही मालिका?"

म्हटलं, "माहीत? अगं, अकरा वर्षं मी तिला धुतलंय."

तिला वाटलं मी नावं ठेवतेय. मग तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. माणसं अशी आपोआप हलायची नाहीत बाई. एकेक हालचाल वेगळी काढायची, पारदर्शक पत्र्यावर. होता प्लास्टिकचा, पण आम्ही त्याला काच म्हणायचो. पुढून काळ्या शाईची रेघ आणि मागून रंग. रंगवायच्या टेबलावर बारा बायका, त्यांची मुख्य माझी नणंद. काचा वाळल्या की कॅमेऱ्याखाली जायच्या, एकेक करून फोटो निघायचा. आणि फोटो निघाला की माझ्याकडे, मोरीत. कोमट पाणी, सोडा, मऊ फडकं. रंग गेला की तीच काच परत दुसऱ्या भागाला. म्हणून तर त्या मालिकेची आज एक काच कुणाकडे सापडत नाही. नात माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी कुणाचा जीव घेतलाय.

आम्ही दोघींनी चार दिवसांत वीस भाग बघितले. बुटका मेल्याचं सोंग करतो तो भाग आठवतो? बायको विचारते, "जिवंत आहात का?" तर पडल्या पडल्या म्हणतो, "अजून ठरलेलं नाही, समिती बसली आहे." आणि शोकसभेत पोटभाडेकरू त्याच्याच तक्रारी मोठ्यानं वाचून दाखवतो! मी इतकी हसले की शेजारीण विचारायला आली. सुरुवातीची ती पाटी अजून तशीच आहे, 'लहान मुलांनी बघू नये.' ती लागली की शनिवारी आळीतली सगळी पोरं हातपाय धुऊन समोर बसायची.

नात म्हणते, शेवटच्या भागावर लोकांनी पुस्तकं लिहिलीत. रिकामी खोली, माणूस एकही नाही, नुसते दोघांचे आवाज. फार मोठा अर्थ आहे म्हणे त्यात. ती सांगत होती आणि मी भाजी निवडत होते.

तुमच्या भावाला जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा एक दिवस आलात, संध्याकाळच्या गाडीनं गेलात, पाण्याचा पेलासुद्धा अर्धा ठेवलात. बोलायचं नसेल तर नका बोलू. कशा आहात एवढं कळवा.

तुमची वहिनी

१९ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं.

डिसेंबरात न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं, आता चौपायी काठी धरून खोलीतल्या खोलीत फिरते. कामाला एक बाई येते, ती बोलत नाही. तुझ्यासारखी एखादी असती तर भांडण्यात तरी वेळ गेला असता.

तुझ्या पत्राने त्या टेबलावर नेऊन बसवलं. पोटभाडेकरूच्या कोटाचा रंग चौदा नंबर, बुटक्याच्या नाकाचा सहा. वरचा पंखा लावायचा नाही, धूळ बसते. शिंक आली तर उठून बाहेर जायचं. आणि कामाची पद्धत कशी होती बघ, आजच्या मुलांना सांगितली तर हसतात. प्रत्येक ट्रेवर एक कार्ड. ट्रे कॅमेऱ्याखालून निघाला की मी कार्डावर लाल पेन्सिलने फुली मारायची. फुली दिसली की तू धुवायचीस. फुली नाही तर हात लावायचा नाही. एवढंच. अकरा वर्षं एवढ्यावर चाललं आणि एका गुरुवारी चुकलं.

त्या ट्रेमध्ये उंच बायकोचा चेहरा होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती वाकणार होती, आणि मालिका काढणाऱ्या दाढीवाल्यांनी तो काढून रंगवायला माझ्या हाती दिला होता. कॅमेऱ्याखाली न गेलेल्या त्या ट्रेवर मी फुली मारली. कशी, ते आजही आठवत नाही. रोज फुल्या मारणाऱ्याला एक आठवत नसते. शनिवारी भाग दाखवायचा होता, पुन्हा रंगवायला तीन आठवडे लागले असते. दाढीवाल्यांनी रिकाम्या खोलीचं चित्र ठेवलं आणि त्यावर आवाज सोडले.

पुढचं तुला माहीत आहे. नव्या कामाला त्यांनी सगळ्यांना नेलं, मला नाही. दादा म्हणाला, मी शब्द टाकून तुला तिथं लावली होती, माझं नाक कापलंस. त्यानंतर तो बोलला नाही. मी इथे येऊन शाळेत चित्रकला शिकवली. दहा वर्षं त्या फुलीसाठी रडले.

मग लोक त्या रिकाम्या खोलीबद्दल लिहायला लागले. पहिल्यांदा वाटलं, थट्टा आहे. मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तो शेवट रंगवून सांगत होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती चूक माझी." वहिनी, त्या दिवसापासून मला शाळेत लोक ओळखायला लागले. आता अनोळखी मुलंमुली पत्ता शोधत येतात, जिन्यात चपला काढतात, विचारतात, तो चेहरा कसा होता? त्या फुलीने माझं सगळं खाल्लं आणि त्या फुलीनेच मला माणसांत बसवलं. आयुष्यभर नीट रंगवलं त्याचं कुणाला काही नाही. चुकले तेवढं उरलं. मी त्यावर समाधानी आहे.

तुझ्या गावात १२ एप्रिलला ती मालिका मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. दाढीवाले येणार आहेत. मला चार शब्द बोलायला बोलावलंय. मला येता येत नाही. माझ्या वतीने तू जा आणि मी लिहून देते ते वाच. तूही तिथलीच आहेस.

तुझी नणंद

२ मार्च

वन्सं,

भाषणाचं मला जमणार नाही. एक तर माझी शाळा चौथीत सुटली, जोडाक्षर आलं की माझी गाडी थांबते. दुसरं, इतक्या लोकांपुढे उभं राहायचं तर गुडघे ऐकत नाहीत. तिसरं कारण खरं आहे, ही दोन मी बनवलेली.

कार्डावर फुली नव्हती.

आता एकदा लिहिलंय तर सगळं लिहिते. त्या गुरुवारी दुपारी तुम्ही टेबलावरच्या बारा बायकांसमोर मला म्हणालात, "वहिनी, तुझ्या काचांवर ओघळ राहतात. घरची भांडीपण अशीच घासतेस का?" सगळ्या हसल्या. तुम्हाला आठवत नसेल. बोलणाऱ्याला आठवत नाही. मी मोरीत गेले आणि हाताला लागला तो ट्रे ओढला. कार्ड बघितलंच नाही. म्हटलं, आता अशा धुते की आरसा मागे पडेल. रागात हात भराभर चालतात. दोनशे दहा काचा होत्या.

शेवटच्या पंधरा-वीस राहिल्या आणि हातातल्या काचेवर एक बाई दिसली. ओळखीची नाही. तिचे हात, खांदे, गुडघे अकरा वर्षं मी धुतलेले, पण चेहरा कधी माझ्यापर्यंत आलाच नव्हता. ती वाकून बघत होती. तेव्हा डोक्यात उजेड पडला. कार्ड बघितलं. कोरं.

तिथं ओरडायला हवं होतं. मी उरलेल्याही धुतल्या. अर्धवट ट्रे दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मध्येच का थांबलीस, म्हणजे तुला कळलं होतं. तुम्ही सगळ्या चहाला गेला होतात. तुमच्या टेबलावरची लाल पेन्सिल घेतली, कार्डावर फुली मारली, पेन्सिल होती तिथं ठेवली. मग कॅमेरेवाल्यानं आरडाओरडा केला, दाढीवाले आले, मला विचारलं. मी म्हटलं, "फुली होती. नसती तर मी हात लावला असता का?" तुम्ही कार्ड हातात घेतलंत, खूप वेळ बघितलंत आणि म्हणालात, "माझीच दिसते." फुलीला कुठं हस्ताक्षर असतं, वन्सं?

घरी ह्यांनी विचारलं. ह्यांनाही तेच सांगितलं. ह्यांनी तुमच्याशी बोलणं टाकलं तेव्हाही गप्प बसले. तेव्हा ह्यांना काम नव्हतं, दोन पोरं पदरात होती. हे कारण म्हणून सांगत नाही. ते कारण असतं तर सहा महिन्यांनी ह्यांना काम लागल्यावर बोलले असते. नाही बोलले. दाढीवाल्यांच्या नव्या जागी आणखी सहा वर्षं काचा धुतल्या, ओघळ न ठेवता.

माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला उगाच ती द्यावी लागते. तुम्ही भाषणात चुकीचं लिहू नये म्हणून कळवलं.

तुमची वहिनी

२० मार्च

वन्सं,

अठरा दिवस झाले. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता जातो. मी रोज बाहेर बसते, तर तो आता लांबूनच मान हलवतो, नाही म्हणून. त्याला वाटतं, मुलगा परदेशात असेल.

शिव्या द्यायच्या तर द्या. लिहिता येत नसेल इतका राग असेल तर तुमच्या त्या न बोलणाऱ्या बाईकडून लिहून घ्या. औषधं वेळेवर घ्या.

वहिनी

३१ मार्च

वहिनी,

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं त्या दिवशी कामाची बाई मला म्हणाली, "ताई, आज तुम्ही का बोलत नाही?" तिने विचारावं, म्हणजे विचार कर.

नोकरी गेली, दादा तुटला, त्याचा राग येईल असं मला वाटलं होतं. मी वाट बघत बसले, तो आला नाही. तो कधीच वापरून संपला होता. आलं ते वेगळंच. माझ्या नावावर एकच गोष्ट होती जिच्यासाठी लोक तीन जिने चढून येतात. चूक का असेना, माझी होती. दहा वर्षं रडून मी ती माझी केली होती. आता तू म्हणतेस, तीही तुझी. नोकरी तू ठेवलीस, भाऊ तू ठेवलास, आणि राहिलेली फुलीही न्यायला आलीस. इतक्या वर्षांनी. नातीने फोनवर दाखवलं म्हणून.

आणि ओघळ राहायचे. तुला बोललेलं लागलं म्हणून ते नाहीसे होत नाहीत.

सोबत भाषण आहे. दोन पानं, मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं जमेल तेवढी टाळली आहेत. त्यात फुली माझीच आहे. तू जा. हे वाच, नाहीतर कागद घडी करून ठेव आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांग. काय करायचं ते मी सांगणार नाही. एकदा माझ्याबद्दल तू एकटीने ठरवलंस, आताही तूच ठरव.

नणंद

१३ एप्रिल

वन्सं,

काल जाऊन आले. नातीनं रिक्षा केली, हात धरून पायऱ्या चढवल्या आणि वर म्हणाली, "आजी, तिथं कुणाला टाकून बोलू नकोस." जशी काही मी बोलतेच.

हॉल भरलेला. सगळी पोरं, विशी-पंचविशीतली. ही मालिका संपली तेव्हा ह्यांचे आईबाप शाळेत असतील. एक पोरगा पोटभाडेकरू होऊन आला होता, पुठ्ठ्याचं कपाट अंगात घालून. दारातून आत शिरेना. शेवटी चौघांनी त्याला आडवा करून आणला आणि तो आतून विचारत होता, "चहा झाला का?" अख्खा हॉल हसला. पडद्यावर बुटक्यानं तोंड उघडायच्या आधी पोरं त्याचं वाक्य म्हणत होती. मला वाटायचं, आपण तिथं पोट भरायला काचा रंगवत होतो, धूत होतो. हे पोरांनी पाठ केलंय हो.

मग शेवटचा भाग. वन्सं, मी तो कधी नीट बघितलाच नव्हता. त्या शनिवारी मी टीव्ही बंद ठेवला होता, डोकं दुखतंय म्हणून. आणि नातीला म्हटलं होतं, तो भाग राहू दे. काल पळायला जागा नव्हती.

खोली आली. भिंतीवर फोटो उतरवलेल्या जागी पांढरा चौकोन, खिडकी, कपाट. माणूस नाही. आवाज येतो, "सगळं घेतलंस ना?" ती म्हणते, "घेतलं." "कपाट?" "राहू दे. त्यात माणूस आहे." मग बराच वेळ काही नाही. मग तो म्हणतो, "काहीतरी राहिलंय असं वाटतंय." ती म्हणते, "तुम्ही राहिलात. चला." बस्स. मी धुतलेली ती दोघं तिथं नव्हती आणि तरी सगळे खिडकीजवळच्या एकाच कोपऱ्याकडे बघत होते. माझ्या पुढची पोरगी रडत होती. मी रडले नाही, पण फडकं शोधलं, चष्मा पुसायला.

मला वर बोलावलं. दाढीवाल्यांची दाढी गेली, आता त्यांना ओळखायचं ते चपलांवरून, अजून तसेच पाय ओढतात. खुर्ची दिली, मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते. तुमचा कागद काढला. पहिलं पान बरं गेलं. रंगांचे नंबर, शिंकेची गोष्ट, लोक हसले. दुसऱ्या पानावर ते वाक्य आलं, 'त्या गुरुवारी मी फुली मारली.' मी थांबले. लोकांना वाटलं, म्हातारीला अक्षर लागत नाही. अक्षर लागत होतं.

मनात आलं, सांगून टाकावं. मोकळं होईन. मग म्हटलं, मी मोकळी होईन आणि तुम्ही? तीन जिने चढून कोण येईल तुमच्याकडे? माझ्याकडे तळमजल्यावर येतील, आणि मला तर पोरं आवडतही नाहीत. वाचलं. होतं तसं. एक अक्षर बदललं नाही.

वाटलं, सुटले. तर दाढीवाल्यांनी माईक हातात घेतला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, काचा तुम्हीच धुवायचात. कार्ड तुम्हीच बघितलं. फुली होती का?" असे बघत होते, जसा डॉक्टर कुठं दुखतं ते दाबून बघतो.

मी म्हटलं, "होती. नसती तर मी हात लावला असता का?"

तेच वाक्य, वन्सं. शब्दाला शब्द. त्या गुरुवारी हे बोलताना जीभ जरासुद्धा अडली नव्हती. काल खुर्चीची पाठ धरून एकेक शब्द बाहेर काढला. दाढीवाले माझ्याकडे बघत राहिले. खिशात हात घातला, रिकामाच बाहेर काढला, माईक ठेवला आणि टाळ्या वाजवायला लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या. तुमच्या नावानं.

एका पोरीनं विचारलं, "आजी, तिचा चेहरा शेवटी तुम्हीच बघितलात. कसा होता?" म्हटलं, नाक बरं होतं, हनुवटी जरा जास्तच झाली होती. नवऱ्याकडे बघत होती. तो काहीतरी विसरलाय हे तिला ठाऊक होतं आणि आपण सांगावं की त्याचं त्याला आठवू द्यावं, असं काहीतरी चाललं होतं तिचं. एवढंच आठवतं. त्यावर लोक उगाचच गप्प झाले. हनुवटीचं बोलायला नको होतं बहुतेक.

जे ठरवायचं ते ठरवलं. फुली तुमची. आता कधी कुणाला काही सांगणार नाही.

वहिनी

२२ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र यायच्या आधी दाढीवाल्यांचा फोन आला. अर्धा तास बोलले, त्यात पाव तास हसले.

आता माझं ऐक. तुझं ते २ मार्चचं पत्र मिळाल्यावर चौथ्या दिवशी मी दाढीवाल्यांना सगळं कळवलं होतं. तुझं पत्रच नकलून पाठवलं, मोरी, पेन्सिल, कोरं कार्ड, सगळं. आणि खाली लिहिलं, ती माझं भाषण घेऊन येईल. वाचून झालं की तिला सगळ्यांसमोर विचारा. ती खोटं बोलेल. मग तुमच्या खिशातून हा कागद काढा आणि वाचा.

मी तुला तिथं तेवढ्यासाठी पाठवलं, वहिनी. दोन पानं मोठ्या अक्षरात लिहिताना मला सारखं दिसत होतं, तू माईकसमोर उभी आहेस आणि ते कागदाची घडी उलगडतायत. मला ते फार बरं वाटत होतं. जोडाक्षरं टाळली तीसुद्धा तू मध्येच अडकून खाली उतरू नयेस म्हणून. तूच ठरव असं जे मी लिहिलं, ते सगळं ढोंग होतं. माझ्या हिशेबाने तू स्वतःला वाचवायला खोटं बोलणार होतीस. खोटं बोललीस, पण ज्यासाठी बोललीस ते माझ्या हिशेबात नव्हतं.

दाढीवाले म्हणाले, "कागद खिशात होता. हात खिशात घातलासुद्धा. पण बाई पडल्या असत्या तर सावरायला कुणी नाही, अशा उभ्या होत्या. इतकं वाईट खोटं बोलणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही. मला टाळ्या वाजवण्याशिवाय दुसरं सुचेना." कागद त्यांनी घरी जाऊन फाडला म्हणाले. आणि त्या वेळी मला न विचारता कामावरून काढलं, त्याबद्दल चार शब्द बोलले. ते माझ्यापुरते आहेत, तुला सांगणार नाही.

आता तीनशे लोकांना माहीत आहे की फुली माझी होती आणि तिघांना माहीत आहे की नव्हती. काल एक मुलगी आली होती, तुझ्या गावाहून, त्या हॉलमध्ये होती म्हणे. नेहमीसारखं विचारलं तिने. मी म्हटलं, माझ्यापेक्षा ते माझ्या वहिनीला जास्त माहीत आहे. ती म्हणाली, त्या म्हणाल्या हनुवटी जास्त झाली होती. मी आधी चिडले. मग तो चेहरा आरशात बघून काढला होता ते आठवलं.

तुला माझा राग आला असेल तर रास्त आहे. पोस्टमनला सांग, या वेळी मी दारात बसेन.

नणंद

२८ एप्रिल

वन्सं,

राग आला. बराच आला. सुनेनं विचारलं, आज भांडी का आपटताय? आणि मग दुपारी हलकं वाटलं. 'तूच ठरव' म्हणणारं तुमचं ते पत्र आलं तेव्हा मी घाबरले होते. म्हटलं, ही बाई सगळं माझ्यावर सोडून शांत बसली, म्हणजे संत झाली का काय. संतांशी माझं पटत नाही. आता तुम्ही होतात तशाच निघालात, जीव भांड्यात पडला.

पण एक सांगते. माझं पत्र नकलून काढलंत, परक्या माणसाला पाठवलंत. ह्यांनीसुद्धा माझं पत्र कधी दुसऱ्याला दाखवलं नाही. आणि ओघळांचं तुम्ही परत लिहिलंत, ते मी वाचलं नाही असं समजू नका. माझ्या काचांवर ओघळ नव्हते. सोडा कमी मिळायचा, आणि तो कमी का मिळायचा ते मुख्य बाईंना विचारा.

शुक्रवारच्या बसनं येते. नात सोडायला येईल, तिला तुम्हाला बघायचंय. तीन जिने आहेत म्हणता, तर दुपार धरून निघते, मध्ये बसत बसत चढेन. तुमच्या त्या बाईला आठ दिवस सुट्टी द्या. इतक्या वर्षांचं भांडण आहे, पत्रातून उरकत नाही, आणि मला उभ्यानं भांडता येत नाही. दोन खुर्च्या समोरासमोर मांडून ठेवा.

तुमची वहिनी